भिंतीवरचा रंकाळा

‘निसर्गचित्र काढा’ असं म्हटलं की तुम्ही काय काढणार, ते मी इथं बसून सांगू शकते. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य आणि त्याला साळिंदराच्या काट्यांसारखे किरण. डोंगराच्या फटीतून नागमोडी निघालेली नदी. काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि वर आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. बरोबर ना?

हसू नका. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यातली झोपडी मला आता माहेरासारखी वाटते. गंमत अशी की आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, राधानगरी रस्त्यावरचं. गावात नारळाचं झाड एकच, तेही एका घराच्या परसात लपलेलं. चहूकडे ऊसच ऊस. नदी आहे, भोगावती. पण ती डोंगराच्या फटीतून येत नाही, उसाच्या आडून येते. आणि सूर्य गुऱ्हाळाच्या धुराड्यामागं मावळतो. मग मुलांच्या कागदावर हे गाव का नाही? कारण त्यांनी चित्र पाहून चित्र काढलेलं असतं, गाव पाहून नाही.

म्हणून दर वर्षी मी मुलांना घेऊन कोल्हापूरला जाते. महालक्ष्मीचं दर्शन, न्यू पॅलेस, मिसळ हे सगळं असतंच. पण आमची खरी सहल असते चित्रांची. आज तुम्हीही चला. कुठून का असेना, या. चपला मात्र चालायच्या घाला.

आमच्या बाजूची एसटी रंकाळा स्टँडला थांबते. उतरलं की थोड्याच अंतरावर तलाव. रंकाळा हा केवढा मोठा आहे, हे काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस दिसतो, मनोऱ्याचा. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला हा राजवाडा दुरून अगदी खेळण्यातल्यासारखा वाटतो. अलीकडे पाण्यात एक दगडी बांधकाम उभं असतं, तो संध्यामठ. उन्हाळ्यात तो चांगला उघडा पडतो आणि पाऊस चांगला झाला की पाणी त्याच्या खांबांना मिठी मारतं. म्हणजे एकाच जागेची दोन चित्रं निसर्गानंच करून ठेवली आहेत.

आम्ही सकाळी लवकर पोचतो. का लवकर, ते सांगते. सूर्य आभाळात तासाला १५ अंश सरकतो (खरं तर पृथ्वी फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहेच). तुम्ही सात वाजता चित्राला बसलात आणि नऊपर्यंत रेंगाळलात, तर सावल्या केव्हाच जागा बदलून गेलेल्या असतात. मग चित्रात एक झाड सातची सावली टाकतं आणि दुसरं नऊची! म्हणून जागेवर बसून काढायचं चित्र तासाभरात उरकायचं. आणि बसल्या बसल्या पहिल्यांदा एका कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बाण काढायचा: ऊन इकडून येतंय. एवढं केलं तरी निम्मं भांडण मिटतं.

दुसरं भांडण असतं ‘काय काढू आणि काय सोडू’ याचं. समोर सगळंच असतं. पाणी, कट्टा, फिरायला आलेली माणसं, भेळेच्या बंद गाड्या, दिव्यांचे खांब. त्यावर उपाय अगदी फुकटचा आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला पोस्टकार्डाच्या निम्मी चौकट कापा. ती डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा आणि हळूहळू फिरवा. चौकटीत जे येईल ते तुमचं चित्र. बाकीचं कोल्हापूर महानगरपालिकेचं!

गेल्या खेपेला एका मुलानं विचारलं, “बाई, पाण्यावरचं ते हिरवं हिरवं काढायचं का?”

ते केंदाळ होतं. शहरातलं सांडपाणी मिसळत राहिल्यानं रंकाळ्याचं पाणी मधूनमधून हिरवंगार होतं, केंदाळ माजतं. त्याबद्दल कोल्हापूरकर वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत.

मी म्हटलं, “तुला दिसतंय का?”

“दिसतंय की.”

“मग काढ.”

त्यानं काढलं. आणि खरं सांगू का, त्या हिरव्या पट्ट्यामुळं त्याचं चित्र बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसायला लागलं. तो रंकाळा त्या दिवसाचा होता.

आता जरा लांब बघा, पश्चिमेकडं. ते डोंगर कुठल्या रंगाचे आहेत? हिरवे म्हणाल, कारण डोंगरावर झाडं असतात हे तुम्हाला माहीत आहे. पण माहीत असलेलं बाजूला ठेवून नुसतं बघा. ते फिकट निळसर दिसतात, आणि जितके लांब तितके जास्त फिकट. याचं कारण मधली हवा. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये कित्येक किलोमीटर हवा असते, तिच्यात ओलावा असतो, धूळ असते. या सगळ्यावर प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा प्रकाश जास्त विखुरतो. म्हणजे डोंगरावर निळसर पडदा टाकल्यासारखंच झालं. चित्रकार ही युक्ती उलटी वापरतात. कागद सपाट, त्यावर लांबचं आणि जवळचं दाखवायचं तर लांबच्या गोष्टी फिकट, निळसर आणि धूसर रंगवायच्या, जवळच्या गडद आणि ठसठशीत. त्रिकोणी डोंगरांना गडद चॉकलेटी रंग फासला की ते एकदम झोपडीच्या छपरावर येऊन बसतात, ते याच कारणानं.

पाण्याचंही असंच. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या बरोबर खाली सरळ पडतं. सावलीसारखं तिरकं पळत नाही. पॅलेसचा मनोरा जिथं पाण्याला भेटतो, तिथून सरळ खाली त्याचं प्रतिबिंब. पाणी हललं की ते लांबतं, तुटतं, पण बाजूला सरकत नाही. हे एकदा नीट बघून घ्या. मग तुमच्या पाण्यात ओलावा येतो.

आणि जलरंगाची एक गोष्ट विसरू नका. त्यात पांढरा रंग म्हणजे कागद. पाण्यावरची उन्हाची चकाकी रंगवायची नसते, ती सोडायची असते. आधी फिकट रंग, तो वाळू द्यायचा, मग गडद. आमच्या मुलांना हा ‘वाळू द्यायचा’ भागच सगळ्यात अवघड जातो. तेवढ्या वेळात अर्धा वर्ग भेळ शोधायला निघतो.

रंकाळ्याकाठी असं बसलेले आपण काही पहिले नाही बरं का. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात ते उगीच नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथं आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि आपल्या गावी परत आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मोठमोठ्या दरबारी चित्रांवर ते आयुष्यभर जगू शकले असते. पण त्यांचं मन रमलं ते तळ्याकाठी. कोटितीर्थ तलावाजवळ ते राहायचे. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. तीच जागा सकाळी, तीच संध्याकाळी, तीच पावसाच्या आधी. तुम्हाला वाटेल, एकाच तळ्याची इतकी चित्रं कशाला? पण तळं एक असलं तरी उजेड एक नसतो ना!

आबालाल १९३१ साली वारले. आज कोटितीर्थाच्या काठी उभं राहिलं तर चहूकडे घरं, कारखान्यांची वस्ती, शाहू मिलचा परिसर. तळं शहराच्या पोटात गेलंय. आबालालांच्या वेळी इथं आभाळ किती होतं, झाडं कशी झुकलेली होती, संध्याकाळी पाण्याचा रंग कसा उतरायचा, हे पाहायचं असेल तर आता तळ्याकाठी जाऊन उपयोग नाही. त्यांच्या चित्रासमोर जावं लागतं.

तेव्हा चला टाउन हॉलला. रंकाळ्यापासून रिक्षा केलीत तर लवकर पोचाल. आम्ही मात्र पंचगंगेच्या बाजूनं वळसा घालत जातो, कारण घाटाच्या दगडी पायऱ्या आणि नदीतली छोटी छोटी देवळं बघितल्याशिवाय मुलांना सोडवत नाही. टाउन हॉलची टोकदार छपरांची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. मेजर मँट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिचा आराखडा केला होता. आता तिथं वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तू इथं आहेत. इथला ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव, पोसायडन, मुलांना फार आवडतो. एवढासा ब्राँझचा पुतळा, समुद्र ओलांडून पंचगंगेच्या काठी आला कसा, यावर परतीच्या एसटीत वाद होतो. पण आज आपण चित्रांसाठी आलोय, म्हणून त्याला नमस्कार करून पुढं.

चित्रांच्या दालनात गेलं की मुलं आधी मोठ्या चित्रांकडे धावतात. धावू द्या. मग आबालालांच्या निसर्गचित्रांपाशी थांबा. त्यांची बरीच चित्रं आकारानं लहान आहेत. पहिल्यांदा काही विशेष वाटतही नाही. थोडा वेळ उभं राहा. आधी एक पाऊल मागं जा, मग एक पाऊल पुढं या. मागून जे झाड दिसतं, ते जवळ आल्यावर नुसते चार-पाच ठिपके असतात! कुठंही पान काढलेलं नाही, तरी झाड पानांनी भरलेलं. ही जादू कशी झाली, ते बघत मी दर वर्षी उभी राहते. राखणदार मला आता ओळखायला लागलेत.

जाता जाता बाबूराव पेंटर यांचं नाव ऐकून ठेवा. त्यांचं खरं आडनाव मेस्त्री. जन्म १८९०चा. चित्रकलेच्या शाळेत न जाता ते चित्रकार झाले. त्यांनी आणि आनंदराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले. त्या काळी रंगमंचावर अरण्य हवं असेल तर मागं अरण्याचा पडदा सोडत, रस्ता हवा असेल तर रस्त्याचा. म्हणजे चांगला दोन माणसं उंचीचा निसर्गदेखावा! पुढं बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि कोल्हापुरात चित्रपट काढले, ती गोष्ट वेगळ्या लेखाची.

टाउन हॉलच्या बागेतच डबे खाऊन घ्या. सावली आहे. याच आवारात ‘रंगबहार’ संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ भरते. झाडाखाली गाणं चालू आणि समोर चित्रकार चित्रं काढतायत, असा तो सोहळा असतो. चित्र होताना बघायचं असेल तर त्या दिवशी या.

जेवण झालं? आता मात्र आपल्याला एका घरी जायचंय.

राजारामपुरीत एक बंगला आहे. नाव ‘निसर्ग’. तो होता चंद्रकांत मांडरे यांचा. तुमच्या आजी-आजोबांना हे नाव विचारा, त्यांचा चेहरा उजळेल. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपती शिवाजी’ या चित्रपटात शिवाजी महाराज झाले होते ते हेच. मोठे नट. पण चित्रीकरण संपलं की त्यांच्या हातात रंग असायचे. बाबूराव पेंटर हे त्यांचे गुरू. चंद्रकांतांनी आपलं राहतं घर आणि आपली चित्रं सरकारला देऊन टाकली. आता ते घरच कलासंग्रहालय आहे. २००१ साली ते वारले. चित्रं अजून घरीच आहेत.

मला हे संग्रहालय टाउन हॉलपेक्षाही जास्त आवडतं, आणि मुलांना तर विचारूच नका. कारण ते घर आहे. टाउन हॉलमध्ये छत उंच, आवाज घुमतो, आपण आपोआप हळू बोलायला लागतो. इथं घराचं दार, घराच्या खिडक्या, घराच्या भिंती, आणि भिंतींवर चित्रं. खाट टाकली तर समोर जेवढ्या अंतरावर भिंत येईल, तेवढ्याच अंतरावर चित्र. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं आत शिरताच विचारलं, “बाई, हे लोक चित्रांच्यात राहायचे?” मी म्हटलं, “होय, राहायचे.” ती बराच वेळ काही बोलली नाही.

चंद्रकांतांची निसर्गचित्रं बरीचशी पावडर शेडिंगची आहेत. हा प्रकार तुम्ही कदाचित पाहिला नसेल. यात पाणी नाही, तेल नाही. रंगाची कोरडी पूड घ्यायची आणि कापसानं, कापडानं, बोटानं कागदावर हलकेच चोळत न्यायची. जिथं उजेड हवा तिथं खोडरबरानं पूड उचलायची. त्यामुळं धुकं, सकाळचं आभाळ, लांबचे डोंगर असे मऊ उतरतात की रेघ शोधूनही सापडत नाही. घरी करून बघायचं असेल तर रंगीत खडू घ्या, जुन्या ब्लेडऐवजी पट्टीच्या कडेनं खरवडा (ब्लेडला हात लावायचा नाही!) आणि कापसाच्या बोळ्यानं खरखरीत कागदावर चोळा. आमच्या वर्गात याला ‘फळ्याचं चित्र’ म्हणतात, कारण खडू शाळेतलेच असतात. एक लक्षात ठेवा, चित्र झालं की त्याच्यावर फुंकर मारू नका. एका फुंकरीत डोंगर उडतो.

इथंच, या घरात, एक प्रश्न मला दर वर्षी सतावतो. तुम्ही चित्र काढता, त्याचं पुढं काय होतं?

बघा ना. तुमच्या घराच्या भिंती आठवा. देवांचे फोटो असतील. दिनदर्शिका असेल. आजोबांचा हार घातलेला फोटो. कदाचित बाजारातून आणलेला धबधब्याचा चकचकीत देखावा, त्यात युरोपातला बर्फाचा डोंगर! आणि तुम्ही काढलेलं चित्र? ते वहीत. वही दप्तरात, नाहीतर ट्रंकेत. परीक्षा झाली की रद्दीत. बरोबर?

आमच्या गावातली गोष्ट सांगते. चौथीत एक मुलगी होती. हात चांगला, पण त्याहून डोळे चांगले. कोल्हापूरची सहल करून आल्यावर तिनं घरामागचा ओढा काढला. धुणं धुवायचा काळा दगड, वर झुकलेलं जांभळीचं झाड, पलीकडं ऊस. डोंगर नाही, सूर्य नाही, नारळ नाही. मी खूश! म्हटलं, घरी भिंतीला लाव. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, “दादा म्हणले, भिंतीला भोकं पाडू नको, त्यापरीस पाढे पाठ कर.” (ती वडलांना दादा म्हणते.) चित्र आईनं ट्रंकेत ठेवलं, खाली, साड्यांच्या घडीत. जपूनच ठेवलं होतं बिचारीनं.

त्याच वर्षी, म्हणजे २०१९च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला. कोल्हापूर-सांगलीचा तो पूर तुम्ही ऐकला असेल, काहींनी भोगलाही असेल. आमच्या खालच्या आळीत पाणी शिरलं. माणसं शाळेत आणून ठेवली होती. पाणी ओसरल्यावर घरं उघडली तेव्हा ट्रंकेतलं सगळं चिखलाचा गोळा झालं होतं. वह्या, पुस्तकं, रेशनकार्ड, ते चित्र. भिंतीवर वर खिळ्याला होते ते फोटो तेवढे राहिले.

आणि मागचा ओढाही तो राहिला नव्हता. काठ ढासळून जांभूळ वाहून गेलं होतं. धुण्याचा दगड कुठं गेला, कुणालाच कळलं नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ती पोरगी माझ्याकडं कागद मागायला आली. आठवणीनं पुन्हा तेच चित्र काढायचं म्हणाली. काढायला बसली घरात, आजीच्या शेजारी. मी सहज चौकशीला गेले होते. आजीला धड दिसत नाही, पण चित्र हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “दगड अजून डाव्या अंगाला घे. जांभळीची मुळी त्याच्यावर आलती. मी तितं पन्नास वर्सं धुनं धुतलंय, मला नगं सांगू.” पोरीनं खोडलं, पुन्हा काढलं. आजीनं पुन्हा दुरुस्ती सांगितली. दादा दारात उभे राहून बघत होते. मग तेही सांगायला लागले, की फांदी एवढी खाली नव्हती, आम्ही तिच्यावरून उड्या मारायचो, पाण्यापासून चांगली पुरुषभर उंच होती.

चित्र पुरं झाल्यावर खिळा दादांनीच ठोकला. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत होती. तिच्या वर दीड हात.

ती मुलगी आता कोल्हापुरात कॉलेजला जाते.

तर मुलांनो, चित्र लावायचं कसं, ते आता नीट ऐका. कारण नुसता खिळा ठोकून भागत नाही.

चित्राचे तीन शत्रू. ऊन, ओल आणि कसर. उन्हात रंग उडतो. खोटं वाटत असेल तर रंगीत घोटीव कागदाचा तुकडा घ्या, त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग शेजारी बघा. म्हणून ज्या भिंतीवर थेट ऊन येतं, तिथं चित्र लावायचं नाही. संग्रहालयांत उजेड बेताचा ठेवतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत, तेही याचसाठी.

ओलीचा त्रास आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात जास्त. पावसाळ्यात बाहेरची भिंत घामेजते. तेव्हा चित्र आतल्या भिंतीला लावा, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत अशा. चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यात बोटभर हवा खेळते. कसर कागद कुरतडते, ती अंधारात आणि ओलीत वाढते. दिवाळीच्या साफसफाईत चित्र उतरवून मागून पुसायचं, बास. आणि चिकटपट्टी चित्राला अजिबात लावू नका! काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा डाग जन्मात निघत नाही.

काच लावायची असेल तर ती रंगाला टेकता कामा नये. ओल धरली की रंग काचेला चिकटतो, आणि पावडरचं चित्र असेल तर पूड सगळी काचेला. त्यासाठी चित्राभोवती पुठ्ठ्याची पांढरी चौकट ठेवतात, तिला माउंट म्हणतात. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम काच लांब ठेवणं. घरी करायला जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा चालतो. चारही बाजूंना तीन-तीन बोटं पट्टी ठेवा, खालची किंचित रुंद. कापायचं काम मोठ्यांकडून करून घ्या.

उंची? घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या रेषेत चित्राचा मध्य यावा, म्हणजे साधारण पाच फुटांवर. पण तुमचं चित्र तुमच्या अभ्यासाच्या जागी असेल तर तुम्ही मांडी घालून बसल्यावर जिथं नजर जाते, तिथं लावा. लोक चित्रं छताजवळ का टांगतात, मला कळत नाही. पाल बघते मग ती. (पुराचा मुलूख असेल तर गोष्ट वेगळी!)

घर भाड्याचं आहे, खिळा ठोकू देत नाहीत? दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवा. याचा एक फायदाही आहे. चित्रं बदलता येतात. दर महिन्याला एक उतरवा, नवं लावा. उतरवलेल्या चित्राच्या मागं पेन्सिलीनं जागा, तारीख आणि वेळ लिहा. ‘रंकाळा, संध्यामठाच्या समोर, सकाळी ७॥, केंदाळ होतं.’ एवढं पुरे. शाईनं लिहू नका, ती पुढच्या बाजूला फुटते.

आता कोल्हापूरला कधी जायचं ते ठरवा. सोमवारी नको, सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात गेलात तर संध्यामठ पाण्यात दिसेल, पण कागद वाळायला वेळ लागेल. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि रंग लवकर वाळतात. पाण्याची बाटली दोन घ्या. एक प्यायची, एक ब्रश धुवायची. आणि दोन्हींवर नावं टाका. आमच्याकडं दर वर्षी कुणीतरी चुकीच्या बाटलीतलं पितंच.